आमची वाटचाल : दहा दिवसांत लेखक न करणारा वर्ग

2008 साली आम्ही वर्ग सुरू केला तेव्हा पुण्यात सुट्टीतले वर्ग म्हणजे पोहणं, संस्कारवर्ग, हस्ताक्षर आणि वैदिक गणित. ‘मुलांसाठी लेखनवर्ग’ अशी पत्रकं पेपरवाल्याकडून अंकात घालून वाटली, तर पहिले फोन आले ते ‘म्हणजे अक्षर सुधारेल ना?’ असे. सदाशिव पेठेतल्या आमच्या घराची पुढची खोली, दोन सतरंज्या आणि एक भागीदार, एवढंच भांडवल.

भागीदार म्हणजे काका. नात्यातले नव्हेत. नारायण पेठेतल्या एका छापखान्यात जन्म काढलेले मुद्रितशोधक. छापखाना ऑफसेटवर गेला, खिळे, म्हणजे जुळणीची शिशाची सुटी अक्षरं, वजनावर भंगारात निघाले, तेव्हा त्यांनी खिळे ठेवायची एक लाकडी केस रिक्षात घालून घरी आणली. देवनागरी जुळवायची तर अर्धा ‘क’ वेगळा, रफार वेगळा, जोडाक्षरं वेगळी, त्यामुळे खण भरपूर. त्या खणांत आम्ही चिठ्ठ्या भरल्या. एका रांगेत वास, दुसरीत जागा, तिसरीत कुणीतरी लपवलेल्या वस्तू. मुलाने तीन चिठ्ठ्या उचलायच्या आणि लिहायला बसायचं. ‘ओल्या गोणपाटाचा वास’, ‘स्वारगेटची चौकशीची खिडकी’ आणि ‘दुसऱ्याचं प्रगतिपुस्तक’ एवढं हाती आलं की ‘एका गावात एक राजा’ आपोआप गळून पडतो. शेवटी ‘आणि मला जाग आली’ लिहायला आमच्याकडे बंदी आहे. लाल पेनालाही काकांनी कधी दारात उभं केलं नाही. समासात पेन्सिलीने बारीकशी खूण, आणि वर एकच प्रश्न, ‘तू बोलताना असं म्हणतोस का रे?’

इंग्रजी माध्यमाची मुलं बोलतात घडाघडा, पण देवनागरी लिहिताना चार ओळींत दमतात. त्यांनी तोंडी सांगायचं, काकांनी उतरवून घ्यायचं, मग मुलानेच वाचून दुरुस्त करायचं. ही युक्ती कुणाला हवी असेल तर खुशाल घ्या. फक्त विचारून घ्या. असं का म्हणतो ते पुढे येईलच.

मधली वर्षं बरी गेली.

2016 च्या उन्हाळ्यानंतर आमच्याकडे सहायक म्हणून शिकवणारे एक गृहस्थ ‘घरची अडचण आहे’ म्हणून गेले. जानेवारीत कोथरूडभर त्यांचे फ्लेक्स लागले, ‘दहा दिवसांत तुमचं मूल लेखक!’ एसी हॉल, फेटे बांधून प्रकाशन समारंभ, आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, घातलेलं पुस्तक आणि फी आमच्या चौपट. स्पर्धेला आमची ना नाही. पण आमच्या नोंदवहीतल्या पालकांना एकेक करून फोन गेले, त्याला काय म्हणायचं? एक आई त्यांच्या वर्गातली कागदपत्रं आम्हाला दाखवायला घेऊन आली. सगळ्या चिठ्ठ्या आमच्याच, शब्दाला शब्द. त्यांत ‘चिंगी कुठे गेली?’ अशीही एक होती. चिंगी ही काकांची मांजर. कोथरूडच्या एसी हॉलमध्ये मुलं काकांच्या मांजरीवर गोष्टी लिहीत बसली होती!

त्या एप्रिलमध्ये आमचा दुसरा गट भरलाच नाही. वाढत्या संख्येच्या भरवशावर घेतलेल्या हॉलचं डिपॉझिट अडकलं, हॉलवाल्याने ते परत द्यायला दिवाळी उजाडवली. छपाईचं बिल काकांनी पेन्शनमधून भरलं आणि घरी सांगितलं नाही.

तेव्हा आम्हाला तारलं ते धायरीच्या आजींनी. थोरल्या नातवापासून त्यांचं घर आमच्याकडे येतंय. फेब्रुवारीतच पाकिटात रोख फी, वर नावं आणि इयत्ता लिहिलेल्या. त्या वर्षी सोसायटीतली आणखी चार मुलं बसने घेऊन आल्या. त्यांच्याकडेही कोथरूडच्या वर्गाचं पत्रक पोचलं होतंच. म्हणाल्या, ‘फेटा लग्नात बांधतीलच की. तुम्ही आमच्या पोरांना लिहितं करा.’ वर्ग संपेपर्यंत बाहेरच्या पायरीवर वाती वळत बसायच्या.

पालकांना एक सांगतो, विचारलं नसलं तरी. भारतात आयएसबीएन क्रमांकाला पैसे पडत नाहीत. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली राजा राममोहन रॉय यांच्या नावाची एजन्सी तो फुकट देते. तेरा आकडी क्रमांकाने दुकानाला, ग्रंथालयाला पुस्तकाची ओळख पटते, लिखाण चांगलं की वाईट ते ठरत नाही. त्यासाठी कुणी हजारो रुपये मागत असेल तर पावती मागा. मुलाचं नाव छापून यावं असं वाटतं ना? बालभारती 1971 पासून ‘किशोर’ मासिक काढते, तिकडे पाठवा. परत आलं तर तेही शिक्षणच. आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलीची वही तिला न विचारता वाचू नका. आमच्या मोठ्या गटात ही अट पालकांकडून सहीनिशी घेतो. त्यावरून दोन-तीन पालकांनी फी परत मागितली, आम्ही दिली.

नवीन वर्ग काढणाऱ्यांनाही थोडं. एका गटात पंधराच्या वर मुलं घेऊ नका, प्रत्येकाचं वाचून होत नाही. मे महिन्याच्या मध्यावर गट ठेवू नका, निम्मं पुणं कोकणात असतं. आम्ही एक गट एप्रिलअखेर घेतो आणि एक जूनच्या पहिल्या आठवड्यात, शाळा उघडायच्या आत. आणि मदतनीसाच्या हाती नोंदवही देऊ नका.

2020 चा उन्हाळा सगळ्यांचाच गेला. पुढे गाडी रुळावर आली. काका आता येत नाहीत, डोळ्यांनी साथ सोडली. मुलांच्या गोष्टी फोनवर वाचून दाखवल्या की मध्येच थांबवून ऱ्हस्व-दीर्घ विचारतात, जणू कानाने दिसतं. कोथरूडचे ते गृहस्थ आता मुलांना कोडिंग शिकवतात असं ऐकलं. पत्रकात ‘स्वतःची अभ्यासपद्धती’ असा उल्लेख आहे म्हणे. जूनच्या गटात अजून जागा आहेत. प्रमाणपत्र मिळणार नाही, त्याबद्दल कृपया फोन करू नये.