टोपलीतल्या सुपाऱ्या
3 जून 2020 ला दुपारी निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकलं. तेव्हा मी याच भागात कृषी सहाय्यक होतो. त्यानंतर बरेच दिवस पंचनामेच केले, पण त्यातला एक दिवस अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय.

आधी थोडं वादळाबद्दल. अरबी समुद्रातली वादळं बहुतेक वेळा गुजरातकडे नाहीतर ओमानकडे वळतात, त्यामुळे आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांनीसुद्धा असलं काही बघितलेलं नव्हतं. 2009 ला फयान येऊन गेलं होतं, पण ते नोव्हेंबरात आणि याच्यापेक्षा बरंच हलकं. त्या मे महिन्यात समुद्राचं पाणी 30 अंशांच्या वर तापलेलं होतं, आणि वादळाला तेच तर खाद्य लागतं. 31 मेला साधा कमी दाबाचा पट्टा म्हणून सांगत होते आणि तीन दिवसांत त्याचं तीव्र चक्रीवादळ होऊन ताशी 110-120 किलोमीटरच्या वाऱ्याने अंगावर आलं. इशारा वेळेत मिळाला, किनाऱ्यावरची माणसं शाळांमध्ये हलवली, त्यामुळे जीव वाचले. पण झाडं कुठे हलवणार?

तर त्या दिवशी सकाळी मी, तलाठी आणि ग्रामसेवक निघालो. लाईट नाही, नेटवर्क नाही, मोबाईल गाडीत चार्ज करायचे आणि फक्त फोटो काढायला वापरायचे. रस्त्यावर पडलेले माड कापून जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट केलेली. वर कोरोना, म्हणजे तोंडाला मास्क आणि उघड्या घरात भिजलेल्या माणसांना आम्ही लांब उभं राहायला सांगायचं, ते फार जीवावर यायचं.

एका वाडीत, म्हणजे बागेत गेलो. 11 गुंठे, रोठा जातीची सुपारी, मधेमधे माड आणि पोफळींवर, म्हणजे सुपारीच्या झाडांवर चढवलेली मिरी. काका सत्तरीच्या पुढचे. एरवी त्या वाडीत भर दुपारी पण अंधार असतो, पाटाचं पाणी, गारवा, आणि त्या दिवशी आत शिरलो तर डोक्यावर लख्ख आभाळ. पोफळी मधोमध काडीसारख्या मोडलेल्या, एक पडली ती शेजारचीला घेऊन, अशा एकमेकींवर रचल्यासारख्या. काका म्हणाले, "आधी एकीकडून वारा होता तोवर तग धरली होती हो त्यांनी, मग जरा थांबला, आम्हाला वाटलं गेलं, आणि उलटा फिरला तेव्हा अर्ध्या तासात सगळं झोपवलं."

ज्याने पोफळ लावलेली नाही त्याला हे कळणार नाही म्हणून सांगतो. आंब्याची फांदी मोडली तर बुंध्याला फुटवा येतो, पोफळीला तसं नाही, तिचा जीव शेंड्यात, शेंडा गेला की उभा राहिलेला बुंधा नुसता खांब. नवीन रोप लावलं तर सुपारी धरायला सहा-सात वर्षं. सत्तरीच्या माणसाला हे सांगायची माझी काही हिंमत झाली नाही, आणि त्यांना माहीत होतंच.

फॉर्ममध्ये क्षेत्र लिहायचं होतं. तेव्हा बागेला हेक्टरी 50 हजार जाहीर झाले होते, म्हणजे 11 गुंठ्यांचे साडेपाच हजाराच्या आसपास. सातबारा सामायिक, त्यावर 9 नावं, निम्मी मुंबईला, दोन माणसं तर वारलेली, आणि सगळ्यांची संमती आणा म्हणायचं तर एसटी बंद, फोन बंद. कोकणातली वाडी हेक्टरात मोजतच नाहीत हो, झाडावर मोजतात, हे मला तेव्हा फार टोचलं आणि अजून टोचतं. मी काकांना म्हटलं, "क्षेत्र लिहितोच, पण झाडं पण मोजून ठेवतो."

ते म्हणाले, "मोजलीत मी." आणि काकींनी पडवीतून टोपली आणून ठेवली. आत वाळलेल्या सुपाऱ्या. एक झाड पडलेलं दिसलं की एक सुपारी टोपलीत, असं दोन दिवस ते दोघं झावळ्यांतून वाकत फिरले होते. काकी म्हणाल्या, "चुकायला नको ना साहेब, पोरांना सांगायचंय किती गेली ते."

मी माझी मोजली, 141. टोपलीतल्या मोजल्या, 143. तलाठी म्हणाले राहू दे, दोन झाडांनी काय होतंय, उन्हं कलली होती आणि अजून चार वाड्या बाकी होत्या. पण काका उठलेच, काठी घेऊन पुढे, आणि मागच्या बाजूला गोठ्याचे पत्रे उडून पडले होते ते आम्ही दोघांनी उचलले. खाली दोन पोफळी होत्या, बारक्या, तीन-चार वर्षांच्या, अजून एकदाही न धरलेल्या.

फॉर्मच्या मागच्या बाजूला लिहिलं, सुपारी 143, माड 4, आणि पंचांच्या सह्या घेतल्या. पुढे मागणी झाली, दर झाडावर आला, सुपारीला 50 आणि माडाला 250 रुपये. तेव्हा तो मागचा आकडा कामी आला.

निघताना काकी त्या सुपाऱ्या परत डब्यात भरत होत्या. वाडीत 37 पोफळी उभ्या होत्या आणि काका पहिल्या आळ्यातली माती हाताने दाबत बसले होते.