उत्तरेकडचे ५१७ मैल

फोनवरच्या नकाशात नॉर्वेच्या डोक्यावरचं स्वालबार्ड, म्हणजे त्याच देशाचा बेटसमूह, महाराष्ट्राच्या कितीतरी पट मोठं दिसतं. प्रत्यक्षात ते आपल्या कोकण विभागाच्या जेमतेम दुप्पट. ध्रुवाकडे सरकावं तसा हा नकाशा ताणत जातो, ७८ अंशांवर तर विषुववृत्ताच्या जवळजवळ पाचपट. म्हणून नॉर्वेच्या मुख्य भूमीवरचं ट्रॉम्सो ते स्वालबार्डवरचं लाँगइयरब्येन हे विमानाचं अंतर तिथे बोटाच्या पेरांनी मोजायला जाऊ नये. कागद-पेन्सिल बरी.

लाँगइयरब्येनचा विमानतळ ७८ अंश १५ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) उत्तरेला, ट्रॉम्सोचा ६९ अंश ४१ कला. वजाबाकी ८ अंश ३४ कला, म्हणजे ५१४ कला. अक्षांशाची एक कला म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. तेव्हा गुणाकाराचीही गरज नाही, उत्तर ५१४ मैल. हमखास चूक होते ती ७८ अंश १५ कला हे कॅल्क्युलेटरवर ७८.१५ असं टाकण्यात. अंशाच्या कला साठ, शंभर नव्हेत. ७८.२५ हवं. एवढ्याशा फरकात विमानतळ ११ किलोमीटर सरकतो, आणि तिथे ११ किलोमीटरवर बहुधा हिमनदी किंवा समुद्र असतो.

रेखांशांतला फरक साडेतीन अंशांहून किंचित कमी. मुंबईच्या अक्षांशावर एवढ्यात सुमारे ३६३ किलोमीटर झाले असते. इथे रेखावृत्तं ध्रुवाच्या ओढीने अंग चोरून उभी, त्यामुळे १०६ किलोमीटरच, म्हणजे ५७ मैल भरतात. पायथागोरस लावला की ५१४ चे ५१७ होतात. शंभरावर किलोमीटर आडवं जाऊन वाढले पाच-सहा! एकूण साधारण ९६० किलोमीटर.

आता वेळ. ४५० नॉटच्या, म्हणजे ताशी ४५० सागरी मैलांच्या वेगाने ५१७ मैलांना ६९ मिनिटं लागतात, पण वेळापत्रक दीड ते पावणेदोन तास सांगतं. ते खोटं नाही. चाकं हलल्यापासून थांबेपर्यंतचा वेळ त्यात धरलेला असतो. धावपट्टीपर्यंतची रांगत चाल, चढण आणि उतरणीतला कमी वेग, सगळं त्यातच. हिवाळ्यात पंखांवरचा बर्फ रसायन फवारून काढण्यात आणखी मिनिटं जातात.

वारा तर सावकारच. ५० नॉटचा समोरून आला तर ६९ ची ७८ मिनिटं, परतताना पाठीशी राहिला तर ६२. दोन्ही मिळून १४०, वारा नसता तर १३८. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं, म्हणून जाताना घेतलेलं तो येताना पुरतं फेडत नाही.

स्वालबार्डवर जेटला उतरायला जवळ दुसरी धावपट्टी नाही. म्हणून तिथवर जाऊन परत मुख्य भूमी गाठता येईल इतकं इंधन घेऊनच निघावं लागतं. धुकं उतरलं की वर घिरट्या घालायच्या, नाही फाटलं तर माघारी. उडालेलं अंतर दुप्पट, आणि प्रवासी पुन्हा ट्रॉम्सोत.

शिवाय एक हिशेब कलांमध्ये बसत नाही. नॉर्वे शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, स्वालबार्ड नाही. त्यामुळे ट्रॉम्सोला पासपोर्टच्या रांगेसाठी वेळ राखून ठेवावा. आणि भारतातून निघतानाच किमान दोनदा प्रवेश देणारा व्हिसा मागून घ्यावा. एकाच प्रवेशाचा असेल तर तो जातानाच वापरून झालेला असतो, आणि परतीचे ५१७ मैल अजून बाकी असतात.