त्या चकोल्यांचा पत्ता मी का देत नाही

दक्षिण कोरियातल्या बुसानला शाकाहारी माणसाला पोटभर खायला मिळते का, आणि तुमच्या आईंनी तिथल्या बाजारात खाल्लेल्या त्या चकोल्या नेमक्या कुठे मिळतात, हे दोन प्रश्न मला नेहमी जोडीनेच विचारले जातात. आईच्या भजनी मंडळातल्या बायका विचारतात, साताऱ्याचे नातेवाईक विचारतात, आणि आपल्याकडच्या सहल कंपन्या कोरियाला जाऊ लागल्यापासून ओळखदेख नसलेली माणसेही कुणाकडून तरी माझा नंबर मिळवून विचारतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी दर वेळी देते. दुसऱ्याचे टाळते. चार वर्षे परदेशात नोकरी करून आली म्हणून हिला आता साधा पत्ता सांगणेही जड जाते, असे माझ्यामागे बोलले गेल्याचे मला कळले आहे. तेव्हा दोन्ही उत्तरे एकदा लिहूनच टाकते.

पहिले उत्तर असे, की मिळते. पण "मांस नको" एवढे सांगून मिळत नाही. कोरियन भाषेत मांसाला "गोगी" म्हणतात, आणि "गोगी नको" म्हटले की समोरचा माणूस मांसाचे तुकडे तेवढे प्रामाणिकपणे वगळतो. माशाला "मुलगोगी", म्हणजे पाण्यातले मांस, असा शब्द आहे. तरीही रश्श्याच्या पाण्याला चव यावी म्हणून उकळून काढून टाकलेली सुकी मासळी त्यात कुणी धरत नाही. या मासळीचे नाव "म्योलची". आपल्या मांदेलीची ती नातलग आहे. म्योलची आणि "दाशिमा" नावाचा समुद्रातला जाड पाला एकत्र उकळून निघालेल्या पाण्यावर त्या शहराचा अर्धा स्वयंपाक उभा असतो. आंबवलेल्या सोयाबीनचे कालवण, तांदळाच्या वड्यांची लाल, तिखट तोकबोक्की आणि गरम रश्श्यातल्या शेवयांचे कितीतरी प्रकार याच पाण्यात होतात. किमची या आंबवलेल्या भाजीत बहुधा खारवलेली कोळंबी किंवा आंबवलेली मासळी असते. किंबाप दिसायला भाताचा रोल, पण आत हॅम, अंडे किंवा माशाच्या लगद्याचा ओमुक निघतो.

निर्धास्तपणे खाता येईल असेही बरेच आहे. नाम्पोदोंग भागातल्या चौकात साखर आणि सूर्यफुलाच्या व भोपळ्याच्या बिया भरलेले गरम होत्तोक, म्हणजे तव्यावरची जाडसर गोड पोळी, मिळते, थंडीत रस्त्यावर भाजलेली रताळी मिळतात, लाल भोपळ्याची पेज मिळते, आणि उन्हाळ्यात सोयाबीनच्या थंडगार दुधातल्या शेवया मिळतात. त्यांच्यावर अर्धे उकडलेले अंडे ठेवण्याची पद्धत आहे, ते आधीच नको म्हणावे. शरद ऋतूतली तिथली पर्सिमॉन आणि नाशपाती यांच्यावर मी एखादा दिवस सहज काढत असे. खऱ्या अर्थाने निश्चिंत जेवण मात्र बौद्ध मंदिरांच्या पद्धतीचे. त्यात मांस आणि मासळी तर नसतेच, पण कांदा-लसूणही नसतो. वर्ज्य मानलेल्या पाच उग्र पदार्थांच्या परंपरागत यादीत आपला हिंगसुद्धा आहे. शहराच्या उत्तरेला डोंगरात बोमोसा नावाचे मोठे मंदिर आहे, त्याची स्थापना ६७८ सालची सांगतात. तिथे नक्की जा.

आता दुसरे उत्तर.

आई २०१९ च्या नोव्हेंबरात, कार्तिकी एकादशी आटोपून, अकरा दिवसांसाठी माझ्याकडे आली होती. ती माळकरी आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तिची बॅग उघडली तेव्हा कपड्यांहून भाजणी, मेतकूट, पोहे, गोडा मसाला आणि हिंगाच्या डब्याच जास्त निघाल्या. पहिले चार दिवस आम्ही शहर पाहिले ते तिच्या डब्याच्या जोरावर. गामचोन या डोंगरउतारावरच्या रंगीत वस्तीत, कोरियन युद्धातल्या निर्वासितांनी बांधलेल्या घरांच्या गल्ल्यांत, एका पायरीवर बसून आम्ही थालीपीठ खाल्ले. तिथून जवळच आमीदोंग आहे. निर्वासितांनी तिथे जुन्या जपानी दफनभूमीवर घरे बांधली आणि थडग्यांचे दगडच पायासाठी आणि पायऱ्यांसाठी वापरले. ते दगड पाहून आईने चपला काढल्या आणि हात जोडले. गुकजे बाजारात तिने मंडळातल्या बायकांसाठी मोज्यांचे अकरा जोड घेतले आणि स्वतःसाठी झाकणाच्या स्टीलच्या चार वाट्या, ज्यांत तिथे भात वाढतात. दुकानदारीण बाईंनी मोज्यांचा बारावा जोड वर घातला. अशा वर घातलेल्या वस्तूला "दोम" म्हणतात. हा शब्द आईला फार आवडला होता.

हे सगळे चांगले चालले होते आणि मी आतून धुमसत होते. बुसान हे शहर मला पोटाकडून कळले होते. १९५० ते १९५३ या युद्धाच्या काळातला बराचसा काळ ते देशाची तात्पुरती राजधानी होते. उत्तरेकडून आलेल्या लोकांनी मदतीच्या गव्हाच्या पिठातून आपल्या गावच्या शेवया पुन्हा घडवल्या, आणि आज त्या शेवया बुसानची ओळख आहेत. माझ्या आईने त्या शहरातले काहीतरी तिथल्या माणसांच्या हातून खावे, असे मला वाटत होते. ते तिच्या आनंदासाठी वाटत होते, असे मी तेव्हा स्वतःला सांगत असे. आज मला तसे सांगता येत नाही. आपण निवडलेल्या जागेला आईने चांगले म्हणावे, एवढीच ती इच्छा होती, आणि ती पुरी करण्यासाठी मी पाचव्या दिवशी सकाळी डबा मुद्दाम घरी ठेवला. विसरला नव्हता. ओट्यावर ठेवलेला डबा मी पाहिला आणि दार ओढून घेतले.

त्या दिवशी आम्ही हेदोंग योंगगुंगसा हे समुद्राच्या खडकांवरचे मंदिर पाहायला गेलो. ते १३७६ सालचे मानले जाते. मंदिरात उतरायला १०८ पायऱ्या आहेत. आईला आकडा सांगितला तेव्हा तिने प्रत्येक पायरीवर एक नाम घ्यायचे ठरवले आणि जपमाळेचे मणी ओढावेत तशी ती पायऱ्या उतरली. वारा बोचरा होता. परत वर येईपर्यंत तिचे गुडघे दुखू लागले होते, ओठ काळेनिळे झाले होते, आणि सकाळच्या पोह्यांनंतर तिच्या पोटात एका केळ्याखेरीज काही नव्हते. तिला मधुमेह आहे. तिने दोनदा डब्याचे विचारले आणि मी दोन्ही वेळा "राहिला वाटतं" असे म्हणाले.

दुपारचे तीन वाजले होते. तिथून थोड्या अंतरावरच्या एका लहान बाजारात मी तिला नेले. त्या बाजाराचे नाव मी सांगणार नाही. चहूकडे मासळी होती. एका गाळ्यात एक वयस्कर बाई लाटण्याने कणकेची मोठी पोळी लाटत होत्या, पीठ भुरभुरून तिची घडी घालत होत्या आणि सुरीने तिच्या पट्ट्या कापून उकळत्या पातेल्यात सोडत होत्या. आई जागच्या जागी थांबली. "अगं, या तर चकोल्या!" ती म्हणाली. मी काही न सुचवता तीच जाऊन बाकावर बसली. ही गोष्ट मी अनेक वर्षे स्वतःच्या बचावासाठी वापरली आहे.

त्या पदार्थाला कालगुक्सू म्हणतात: सुरीने कापलेल्या शेवया. तो मी पूर्वी कितीदा तरी खाल्ला होता. पातेल्यात काय आहे हे मला माहीत होते, तरीही मी विचारले. बाई म्हणाल्या, "गोगी नाही." मग त्यांनी आपणहून दुसऱ्या मोठ्या भांड्यावरचे झाकण उचलले आणि डावाने तळ ढवळून दाखवला: म्योलची आणि दाशिमा. तेवढ्यात त्यांचे लक्ष आईच्या गळ्यातल्या माळेकडे गेले. त्यांनी स्वतःची बाही मागे सारून मनगटावरची जपाची मण्यांची माळ आईला दाखवली आणि दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या. मग बाई माझ्याकडे वळल्या आणि हळू आवाजात त्यांनी विचारले, "यांना म्योलची चालेल ना?"

मी मान डोलावली. माझी कोरियन भाषा तोवर पुरेशी बरी झाली होती. गैरसमज झाला, असे म्हणण्याची सोय मला नाही.

"काय म्हणाल्या?" आईने विचारले.

"पाण्यात समुद्रातला पाला आहे, चालेल का म्हणून विचारतायत."

"पाल्याला काय होतंय?" ती म्हणाली, आणि तिने वाडगा ओढून घेतला.

तिने नाव घेऊन पहिला घास घेतला. "समुद्राचा वास येतो गं," असे एकदा म्हणाली. मी म्हटले, पाला समुद्रातलाच ना. तिच्या चेहऱ्यावर रंग परत आला. बाईंनी न मागता आणखी एक डाव शेवया तिच्या वाडग्यात घातल्या, आणि आईने मोठ्या आनंदाने "दोम!" असे म्हटले. तिथली गिऱ्हाइके अशा बाईंना "इमो" म्हणजे मावशी अशी हाक मारतात, हे मी सांगितल्यावर आईने त्यांना इमो म्हटले, आणि निघताना माउली म्हणून त्यांच्या पाया पडायला वाकली. त्या बाई गडबडून गेल्या. त्यांनी आईचे दोन्ही हात धरून ठेवले.

त्या वेळची मी अजूनही माझ्याशी वाद घालते. ती म्हणते, की मधुमेही बाई थंडीत उपाशी होती, आणि तिला चक्कर आली असती तर आज तू वेगळ्याच गोष्टीचा पश्चात्ताप करत बसली असतीस. त्यावर मी तिला डब्याची आठवण देते. ती म्हणते, वाडग्यात मासळीचा तुकडाही नव्हता, नुसते पाणी होते. मी विचारते, मग सांगितले का नाहीस? तिने ठरवले असते. कदाचित प्राण वाचवायला म्हणून खाल्लेही असते, किंवा समोरच्या दुकानातून दोन रताळी घेऊन ती बसली असती. रताळी होती. मला ती दिसत होती. इथवर आल्यावर ती गप्प होते, पण मी जिंकले असेही मला वाटत नाही, कारण आईच्या त्या अकरा दिवसांतला सगळ्यात आनंदाचा अर्धा तास तोच होता आणि तो खोटा होता असे म्हणायला माझे मन आजही धजत नाही.

दोन दिवसांनी बोमोसाला गेलो. खाली एका लहान खानावळीत मंदिरी पद्धतीचे जेवण होते: रानभाज्या घालून कालवलेला भात, वाफवलेला टोफू, पाल्याचे सूप. वर्ज्य पदार्थांत हिंगही आहे हे ऐकून आईला नवल वाटले आणि पर्समधली हिंगाची डबी तिने तशीच खाली सरकवली. इथे मी प्रत्येक घासाची खात्री देऊ शकत होते. तिने सगळे संपवले आणि म्हणाली, "चांगलं आहे. पण त्या मावशींच्या चकोल्यांची सर नाही याला."

पुढची कित्येक वर्षे तिने त्या चकोल्यांचे गुणगान केले. मंडळात केले, लग्नकार्यांत केले. तुम्ही ऐकले आहे ते तिच्याच तोंडून. घरी करूनही पाहिल्या. मी पाठवलेला दाशिमा तासभर भिजवून, उकळून, त्यात पट्ट्या सोडून ती चव घ्यायची आणि म्हणायची, काहीतरी राहतंय. गेल्या वैशाखात मी साताऱ्याला गेले असताना तिने पुन्हा एकदा पातेले चढवले होते. डाव माझ्यापुढे धरून तिने विचारले, "तू सांग, काय राहतंय गं?" तेव्हा मी सांगितले.

तिने गॅस बंद केला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग तिने एकच विचारले, "त्या मावशींना ठाऊक होतं?"

मी म्हटले, त्यांनी विचारलं होतं, यांना चालेल ना म्हणून. मी हो म्हटलं.

"मग त्यांचं काही चुकलं नाही," आई म्हणाली. पातेल्यातल्या चकोल्यांत तर पाल्याशिवाय काहीच नव्हते. त्या तिने मला वाढल्या. स्वतः घेतल्या नाहीत.

तेव्हापासून ती त्या चकोल्यांचे नाव काढत नाही, आणि म्हणूनच आता तुम्ही सगळे मला विचारता. हे लिहिण्याआधी मी तिची परवानगी घेतली. "मंडळापासून लपवू नकोस, पण मला सांगायला लावू नकोस," एवढे ती म्हणाली. ज्यांना मासळी चालते त्यांना मी पत्ता कधीही देईन, आणि तो गाळा अजून असेल तर त्या बाईंना माझा नमस्कारही सांगायला सांगेन. ज्यांना चालत नाही त्यांनी कृपा करून पुन्हा विचारू नये.

आषाढीला आई पंढरपूरला जाऊन आली. तिने माळ नव्याने घालून घेतली का, हे मी विचारलेले नाही. गळ्यात माळ आहे. ती जुनीच आहे की नवी, हे मला नुसते पाहून ओळखता येत नाही.