सहा गोल खाल्ले
आज भाच्याची मॅच होती, 0-6 हरले आणि पठ्ठ्या गोलकीपर, त्यामुळे बाईकवर मागे बसून पूर्ण रस्ताभर मुसमुसत होता, शर्ट माझा ओला. मग वडापावच्या गाडीवर त्याला रॉय कृष्णा या फुटबॉलपटूची गोष्ट सांगितली. फिजीतल्या लंबासा नावाच्या साखर कारखान्याच्या गावातला पोरगा, 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये फिजी दक्षिण कोरियाकडून 0-8 हरली, पुढच्याच मॅचला यानं मेक्सिकोला पहिला गोल मारला!! ऑलिंपिकमधला फिजीचा एकमेव गोल. नंतर न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनकडून खेळत गोल्डन बूट (लीगमध्ये सगळ्यात जास्त गोल मारल्याचं बक्षीस), मग थेट आपल्या आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, 2020 ची फायनल गोव्यात फातोर्ड्याला जिंकला (रिकामं स्टेडियम, कोरोना).
भाचा मिरची बाजूला काढत म्हणतो, मामा, मेक्सिकोची मॅच जिंकले का मग?
1-5 हरले रे.
तेव्हा कुठे हसला.