टाईल्स फोडायच्या आधी क्षार काढा

बाथरूमच्या जुन्या टाईल्सवर मारलेलं कोटिंग, म्हणजे टाईल न फोडता वर चढवलेला रंग, वर्षभरात पापुद्र्यासारखं सुटलं की सगळे रंगाला नावं ठेवतात. आपल्याकडे दोष बहुतेक वेळा खालच्या क्षाराचा असतो. लातूर असो की जालना, बोअरचं पाणी जड. रोजचे शिंतोडे भिंतीवर वाळतात आणि खालच्या दोन-तीन फुटांत पांढरा, खरखरीत थर बसतो. कोटिंग टाईलला न धरता त्या थराला धरतं. थर सुटला की कोटिंगही गेलं.

तरी नीट केलेलं कोटिंग फोडकामापेक्षा परवडतं. फोडलं की राडारोडा उचला, वॉटरप्रूफिंग नव्याने करा, वर प्लास्टरला आठवडाभर पाणी मारा. टँकर विकत घ्यायच्या दिवसांत हे पाणी काही फुकट येत नाही.

पण आधी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने एकेक टाईल ठोकून बघा. एखाद-दुसरी बद्द वाजली तर तेवढीच काढून बसवा. सलग सहा-सात वाजल्या तर भिंतीने टाईल्स सोडल्यात, तिथे फोडण्याला पर्याय नाही. बाथरूमच्या पलीकडच्या भिंतीला किंवा खालच्या मजल्याच्या छताला ओल असेल तर आधी नहाणी ट्रॅप आणि पाईप तपासा. कोटिंगने ओल झाकते, थांबत नाही.

क्षार काढायला किराणा दुकानातलं लिंबूसत पुरतं. 1 लिटर कोमट पाण्यात 100 ग्रॅम विरघळवा, जुनी फडकी त्यात भिजवून भिंतीला चिकटवा आणि 20 मिनिटांनी प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. जाड थराला हे दोन-तीनदा करावं लागतं. मग भिंत धुऊन वाळू द्या आणि टाईलच्या मधोमध त्याच लिंबूसताच्या पाण्याचा एक थेंब टाका. बारीक फसफस दिसली तर क्षार अजून आहे. सांध्यावर ही परीक्षा घेऊ नका, सिमेंट फसफसणारच. शेवटी लिटरला दोन चमचे खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने पुसा, साबणाचा चिकटा डिटर्जंटने काढा, भरपूर धुवा. आता भिंतीवर पाणी एकसंध पसरलं पाहिजे. थेंब थेंब होऊन उभं राहिलं तर तेलकटपणा उरलाय.

हार्डवेअरच्या दुकानातलं ॲसिड पटकन काम करतं, पण सांधे खातं आणि त्याच्या वाफेने नळ गंजतात. ब्लीचिंग पावडरशी त्याची गाठ पडली तर क्लोरीन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. कडप्पा, शहाबादी आणि मोझॅकवर तर लिंबूसतही नको. हे चुन्याचे दगड, मोझॅकमध्ये संगमरवराची खडी; आंबट लागलं की चमक गेलीच.

यानंतर सांध्यांतली जुनी सिलिकॉनची रबरी भरणी पूर्ण काढा, कारण तिच्यावर काहीच चिकटत नाही. नवी भरायची ती कोटिंग वाळल्यावर. फुटके सांधे खरवडून भरा आणि दोन-तीन दिवस सुकू द्या. मग काळ्या वॉटर पेपरने, 150 ते 220 नंबरच्या, टाईलची चकाकी मारा. उजेडात तिरकं बघितलं तर कुठेही चमकता ठिपका दिसायला नको. धूळ पुसून टाईलसाठीचा प्रायमर लावा. भिंतींचा साधा प्रायमर इथे चालत नाही.

माल किती लागेल? 4 बाय 6 फुटांच्या बाथरूमला 7 फुटांपर्यंत, दार वजा करून, साधारण 120 चौरस फूट भरतात. दोन हातांना अडीच ते तीन लिटर धरा. कोटिंग दोन भागांचं असतं. रेझिन (मूळ रंग) आणि हार्डनर (तो घट्ट करणारा भाग) डब्यावरच्या प्रमाणातच, मापून मिसळा. ‘लवकर वाळेल’ म्हणून जास्त हार्डनर घालणारे मिस्त्री भेटतात; त्याने कोटिंग ठिसूळ होतं किंवा चिकट राहतं. उन्हाळ्यात 40 अंशांच्या वर पारा गेला की मिसळलेला माल डब्यातच घट्ट होतो. तापमान 10 अंशांनी वाढलं की त्याचा वेळ निम्म्यावर येतो. म्हणून काम हिवाळ्यात काढा. मे महिन्यातच करायचं असेल तर पहाटे, अर्धा-अर्धा लिटर मिसळून. ऐन पावसाळ्यात दमटपणामुळे वर धुरकट पापुद्रा येतो.

रोलर बारीक केसांचा, 4 इंची. हात पातळच द्या. दुसरा हात डब्यावर लिहिलेल्या वेळेतच द्या. वेळ टळली तर आधी हलका पेपर मारावा लागतो. खिडकी आणि एक्झॉस्ट चालू ठेवा, गॅस गिझर मात्र बंद, कारण थिनरची वाफ पेट घेते. तोंडाला रुमाल बांधून या वाफेला काही होत नाही, कार्बन काडतूसवाला मास्कच लागतो. तीन दिवस पाणी नको, आठवडाभर घासणं नको.

बेसिनलाही हाच क्रम. टवका उडाला असेल तर एम-सील भरून 400 नंबरने सपाट करा. फायबरच्या टबला ॲसिड लावायचं नाही, फक्त 320 चा पेपर. जुना रंग काढायला रिमूव्हर आणाल तर डब्यावर मिथिलीन क्लोराईड लिहिलंय का ते आधी बघा. त्याची वाफ हवेपेक्षा जड, ती टबच्या तळाशी साचते. अमेरिकेत टबवर वाकून काम करणारे कामगार त्याने मेले आहेत. स्टीलचं सिंक रंगवण्याच्या भानगडीत पडू नका. हिरव्या घासणीने रेघांच्या दिशेने घासलं तरी पुरे.

फरशीला मात्र कोटिंग करू नये. बादली ओढली की ओरखडा, ओरखड्यातून पाणी, मग पापुद्रा. मोझॅक असेल तर मशिनने घासून पॉलिश करून घ्या, साधी टाईल असेल तर फक्त सांधे नव्याने भरा.