सहाच उंदीर का?

प्राण्यांवर प्रयोग करायच्या परवानगीचा अर्ज, म्हणजे फॉर्म बी, भरायला मला दोन दिवस लागले आणि मंजुरी हातात यायला पाच महिने. मधल्या दिवसांचा राग अजून पुरता उतरलेला नाही, म्हणून लिहितेय.

एम. फार्मला माझा विषय होता जांभळाच्या बियांचा अर्क आणि मधुमेह. बिया आमच्याच खानापूर तालुक्यातल्या. अर्क, वनस्पतीच्या ओळखीचा दाखला, सगळं बिनबोभाट झालं. पुढे उंदीर. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालच्या नियमांनुसार संस्थेच्या नीतिसमितीच्या परवानगीशिवाय प्रयोगच करता येत नाही. समितीत पशुवैद्य, बाहेरच्या संस्थेतला शास्त्रज्ञ, विज्ञानाबाहेरचा एक सदस्य आणि केंद्राने नेमलेला प्रतिनिधी असतो. प्रतिनिधी आला नाही तर बैठक भरत नाही. पहिली बैठक तशीच गेली. दुसरी तारीख गणपतीत पडली, आणि बेळगावात त्या अकरा दिवसांत बैठक कोण घेणार?

झाली एकदाची. आठवड्याने फॉर्म परत आला, वर लाल शाईत एकच ओळ: 'प्राण्यांच्या संख्येचे समर्थन अपुरे.'

अपुरे म्हणजे काय? मी लिहिलं होतं, पाच गट, प्रत्येकी सहा, एकूण ३०. सहाच का, तर सगळे सहाच घेतात. गाईड म्हणाले, "आमच्या वेळेपासून सहाच आहेत." सीनिअरचा प्रबंध काढला, त्यातही सहाच. कार्यालयात गेले तर कारकून मान वर न करता म्हणे, "नाळे बन्नि." म्हणजे उद्या या. उद्या गेले, परवा गेले. खानापूरची बस, निथळणारी छत्री आणि "नाळे बन्नि". तीन आठवड्यांत माझं कन्नड सुधारलं, फॉर्म होता तिथंच राहिला.

शेवटी संख्याशास्त्राच्या मॅडमनी पाच मिनिटांत उलगडा केला. एकूण प्राण्यांतून गटांची संख्या वजा करायची; उत्तर १० ते २० मध्ये हवं. १० च्या खाली गेलं तर निष्कर्ष लंगडा, २० च्या वर गेलं तर जादा जीव फुकट. माझे ३० वजा ५, म्हणजे २५. गटात पाचच घेतले की २५ वजा ५, बरोब्बर २०. एवढंच! रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांची १९५९ ची तीन तत्त्वं, म्हणजे प्राण्याला पर्याय शोधा, संख्या कमी करा, त्रास कमी करा, ही मला परीक्षेपुरती पाठ होती. ती या रकान्यात उतरवायची असतात हे कुणी बोललं नव्हतं. समितीचं बरोबरच होतं, मान्य. पण लाल शाईत आणखी एक ओळ लिहिली असती तर काय बिघडलं असतं?

मरतील ते धरून दोन-तीन प्राणी जादा मागायचे असतील तर तेही याच रकान्यात कारणासकट लिहा. नंतर मागायला गेलात की पुन्हा बैठक.

पुढच्या बैठकीत पशुवैद्य सरांनी शीर्षकावर बोट ठेवलं. "टाइप २ मधुमेह म्हणता आणि नुसतं स्ट्रेप्टोझोटोसिन देता?" उंदरांना मधुमेह व्हावा म्हणून देतात ते हे औषध इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीच मारतं, म्हणजे होतो तो टाइप १ सारखा आजार. टाइप २ च्या जवळ जायचं तर आधी निकोटिनामाइड देऊन काही पेशी वाचवाव्या लागतात. मी तिथल्या तिथे 'टाइप २' खोडलं आणि सुटले.

आजीला स्वतःला साखर आहे. तिला कळलं तेव्हा म्हणाली, "माझ्या साखरेपायी उंदरास्नी कशाला छळालीस गं?" मी गप्प.

हो, स्ट्रेप्टोझोटोसिन ४.५ पीएचच्या सायट्रेट बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, ऐनवेळीच विरघळवा, ठेवलेलं निकामी होतं. पहिल्या रात्री पिंजऱ्यात ग्लुकोजचं पाणी हवंच. पेशी फुटून इन्सुलिन एकदम सुटतं आणि साखर कोसळते. मी पहाटे पाचला ॲनिमल हाऊसवर जाऊन एकेक पिंजरा पाहिला. सगळे जिवंत होते.

त्याआधी मंजुरीचं पत्र घ्यायला गेले होते, त्या दिवशीही कारकून "नाळे" म्हणालाच. मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. अर्ध्या तासात पत्र मिळालं.