फायटिंग गेमसाठी अ‍ॅनालॉग स्टिक कशी पारखायची

शूटर खेळणाऱ्यांचे रिव्ह्यू बघून फायटिंग गेमसाठी कंट्रोलर घेऊ नका, हे मी आपल्या जळगाव-भुसावळच्या पोरांना दरवेळी सांगतो, कारण तिकडे ज्या गोष्टीचं कौतुक होतं तीच आपल्याला नडते. त्यांना डेडझोन (स्टिकच्या मध्याभोवतीची जागा, जिथं स्टिक हलली तरी गेम मोजत नाही) जवळपास शून्य लागतो, अंगठा केसभर हलला तरी निशाणा हलायला पाहिजे म्हणून. आपल्याला ते नकोच. स्ट्रीट फायटर ६ असो की टेकन ८, गेमला शेवटी नऊच जागा कळतात, आठ दिशा आणि मधली न्यूट्रल. स्टिक अर्धी झुकवली की पूर्ण, त्याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. (स्मॅश ब्रदर्सचं वेगळं, तिथं किती झुकवली त्यावर चालणं-पळणं ठरतं.)

मग डी-पॅड (कंट्रोलरवरचं अधिकच्या चिन्हासारखं दिशांचं बटण) वापर ना भो, असं कोणीतरी म्हणेलच. बरोबर आहे, २०१४ च्या इव्होमध्ये, म्हणजे फायटिंग गेमच्या मोठ्या स्पर्धेत, फ्रान्सच्या लफीने अल्ट्रा स्ट्रीट फायटर ४ जिंकलं ते प्लेस्टेशन १ च्या जुन्या पॅडवर, डी-पॅडनेच. पण आपल्याकडची निम्मी पोरं फुटबॉलचे गेम खेळत मोठी झालेली, अंगठा स्टिकवरच बसलेला, आर्केड स्टिकला (मोठ्या दांड्याच्या वेगळ्या कंट्रोलरला) पैसे घालायची सगळ्यांची ऐपत नाही, आणि अंगठ्याची सवय मोडायला किती महिने जातात ते ज्याचं त्याला माहीत. म्हणून स्टिकवरच खेळायचं असेल तर निदान नीट पारखून घ्या.

मी सगळ्यात आधी न्यूट्रल बघतो. टेकनमध्ये मिशिमा घराण्याच्या पात्रांचा वेव्हडॅश (झपकन पुढे सरकत जायची चाल) म्हणजे पुढे, न्यूट्रल, खाली, खाली-पुढे. यातलं न्यूट्रल हा स्वतःच एक इनपुट आहे. पुढून खाली जाताना अंगठा गोल फिरवला तर ते न्यूट्रल येतच नाही, स्टिक मधोमध येऊन गेली पाहिजे, आणि गेम सेकंदाला ६० फ्रेम मोजतो म्हणजे एक फ्रेम जेमतेम १६.७ मिलिसेकंदांची. त्यात इलेक्ट्रिक (त्याच पात्रांचा विजेचा पंच) काढायचं असेल तर शेवटचं खाली-पुढे आणि पंच एकाच फ्रेममध्ये पडायला पाहिजेत. इथं थोडा मोठा डेडझोन तुमचा दोस्त आहे, कारण स्टिक मधोमध तंतोतंत नाही आली तरी न्यूट्रल मोजलं जातं. उंच टोपीची स्टिकही मी घेत नाही, निशाण्याला ती बरी, पण आपल्या अंगठ्याला प्रत्येक दिशेला जास्त लांब जावं लागतं.

दुसरी गोष्ट कोपरे. बहुतेक कंट्रोलरमध्ये स्टिकभोवतीची कड गोल असते, म्हणजे तिरकं कुठं आहे ते अंगठ्याला सांगणारं काहीच नाही. गेमक्यूबच्या कंट्रोलरला अष्टकोनी कड होती, स्टिक कोपऱ्यात जाऊन बसायची, ते सुख आता क्वचित मिळतं. आठ दिशा सारख्या वाटल्या तर एकेकीला ४५ अंश, म्हणजे तिरक्याच्या दोन्ही बाजूंना साडेबावीस-साडेबावीस अंशांची सूट. ऐकायला भरपूर वाटते, पण माझा धुळ्याचा मावसभाऊ स्ट्रीट फायटरमधला गाइल खेळतो (मागे धरून चार्ज भरला, मग पुढे आणि पंच दाबला की त्याचा सोनिक बूम हा मारा निघतो), त्याला पूर्ण मॅच खाली-मागे धरून बसावं लागतं, आणि दबावात अंगठा जरा खाली घसरला की मागचा चार्ज गेला, सोनिक बूम निघतच नाही आणि समोरचा उडी मारून डोक्यावर. म्हणून नवीन कंट्रोलर हातात आला की आम्ही ट्रेनिंग मोडमध्ये इनपुट डिस्प्ले चालू करतो, खाली-मागे धरून ठेवतो आणि शेजारच्याशी गप्पा मारत राहतो. स्क्रीनवर बाण तिरकाच राहिला, फ्रेमचा आकडा वाढत राहिला तर स्टिक पास. मधेच सरळ खालचा बाण दिसला की नापास. हीच टेस्ट दोन्ही बाजूंनी करा, एक कोपरा पक्का आणि दुसरा ढिला अशा स्टिक मी पुष्कळ पाहिल्यात.

मग स्नॅपबॅक. स्टिक पूर्ण पुढे न्या आणि अंगठा बाजूला सरकवून एकदम सोडा. स्प्रिंगच्या जोराने ती मध्य ओलांडून क्षणभर पलीकडे जाते, आणि त्या क्षणी डिस्प्लेवर मागचा बाण चमकला तर ती स्टिक आपल्या कामाची नाही, कारण डॅशसाठी दोनदा पुढे मारायला गेलात की मधे एक मागे घुसतं आणि डॅश तुटतो. कडक स्प्रिंग जोरात परत येते पण हा दोष तिच्यातच जास्त, आणि लांब सेटमध्ये अंगठाही भरून येतो. मला मध्यम लागते.

आता हॉल इफेक्ट. साध्या स्टिकमध्ये पोटेन्शियोमीटर असतो, कार्बनच्या पट्टीवर धातूचा काटा घासत राहतो, पट्टी झिजली की ड्रिफ्ट, म्हणजे हात न लावताही स्टिक हलल्याचं गेमला वाटतं. हॉल इफेक्ट आणि टीएमआर या प्रकारच्या स्टिकमध्ये चुंबक आणि सेन्सर, घासणं नाही म्हणून ती झीज नाही. सेगा ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये १९९८ लाच चुंबकवाली स्टिक होती, म्हणजे हे काही नवीन नाही. पैसे असतील तर नक्की घ्या, ड्रिफ्ट आला की न्यूट्रल जातं आणि न्यूट्रल गेलं की वर सांगितलेलं सगळंच गेलं. पण खोक्यावर हॉल इफेक्ट लिहिलंय म्हणून कोपरे चांगले असतील असं नाही हं, कड आणि स्प्रिंग वेगळ्या गोष्टी आहेत, त्या सेन्सरने सुधरत नाहीत.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, कूलरसमोर बसलं तरी अंगठ्याला घाम येतो आणि तिरकं धरलेलं पहिलं सुटतं. गुळगुळीत घुमटासारख्या टोपीपेक्षा खोलगट आणि खरखरीत काठाची टोपी बघा. सिलिकॉनची कॅप मिळते, पण तिने उंची वाढते, पातळ असेल तरच लावा.

पीसीवर खेळणाऱ्यांना स्टीम इनपुटमध्ये स्टिकला डी-पॅडसारखं वागवता येतं, डेडझोन आणि तिरक्या दिशांची रुंदी दोन्ही बदलता येतात. घरी सरावाला छान आहे. पण टूर्नामेंट कन्सोलवर असेल तर त्या सेटिंग तिथं येत नाहीत, म्हणून मी स्टिक आधी काहीही न बदलता तपासतो.

आणि जुना कंट्रोलर टाकू नका. ड्युअलसेन्सचा स्टिक मॉड्यूल बोर्डाला १४ जागी सोल्डर केलेला असतो, मोबाइल रिपेअरवाल्याकडे चांगला हात आणि डिसोल्डरिंग गन असेल तर तो काढून हॉल इफेक्टवाला बसवता येतो. फक्त बसवल्यावर सेंटर कॅलिब्रेट करून घ्या, आणि पैसे द्यायच्या आधी दुकानातच लॅपटॉपला जोडून स्टिक आठही दिशांना सोडून बघा.